विश्लेषण : पन्नाशीत नोकरी गेली, पेन्शन अठ्ठावन्नला, मधल्या वर्षांचे काय?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कारखान्यांत, गोदामांत, यंत्रमागांवर काम करणाऱ्यांसाठी पन्नाशी हा मोठा अवघड टप्पा आहे. मुलांची शिक्षणे संपलेली नसतात, घराचे हप्ते सुरू असतात आणि नेमकी त्याच वेळी नोकरी गेली, तर नवी नोकरी तरुणांना मिळते, यांना नाही. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन वयाच्या ५८व्या वर्षी, तर सरकारची श्रावणबाळ योजना ६५व्या वर्षी. मग ५२-५३ व्या वर्षी घरी बसावे लागलेल्या कामगाराने मधली वर्षे कशावर काढायची? आपल्याकडे बेरोजगारी भत्ता नाहीच, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. भत्ता आहे. पण तो कोणाला मिळतो, किती दिवस मिळतो आणि कोणत्या एका कागदामुळे हातचा जातो, हे बहुतेकांना नोकरी गेल्यावर कळते. तोवर उशीर झालेला असतो.

हा प्रश्न आपल्या भागात नवा आहे का?

मुळीच नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीचा काचकारखाना आणि त्याचा प्रभाकर कंदील एकेकाळी घराघरांत होता. माधवनगरची कापडगिरणी सांगलीकरांच्या दोन पिढ्यांना आठवते. साताऱ्यात प्रिया स्कूटर बनत असे. हे सगळे आता बंद आहे. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या सातारा-सांगलीच्या चाकरमान्यांनी १९८२च्या संपानंतर जे भोगले, ते या भागातल्या गावोगावी माहीत आहे.

आज चित्र थोडे वेगळे आहे. एखादा मोठा कारखाना एकदम बंद पडण्यापेक्षा कंत्राट न वाढवणे, खाते बंद करणे, यंत्र बदलून माणसे कमी करणे असे प्रकार जास्त होतात. कुपवाड, मिरज, सातारा, तासवडे, शिरवळ, लोणंद इथल्या औद्योगिक पट्ट्यांत कायम कामगार आणि कंत्राटी कामगार शेजारी शेजारी काम करतात. नोकरी दोघांचीही जाऊ शकते. पण त्यानंतर हाती काय लागते, यात जमीन-अस्मानाचे अंतर असते.

बेरोजगारी भत्ता नेमका कोण देते?

तो राज्य कर्मचारी विमा महामंडळ, म्हणजे ज्याला आपण ईएसआय म्हणतो, ते देते. पगारातून ०.७५ टक्के रक्कम कामगाराची आणि ३.२५ टक्के मालकाची अशी वर्गणी तिथे जमा होते. दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांतील, महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार त्यात येतात. दिव्यांग कामगारांसाठी ही मर्यादा २५ हजार आहे. बहुतेकांना हे कार्ड दवाखान्यासाठी असते एवढेच माहीत असते. त्याच कार्डावर नोकरी गेल्यावर रोख मदत देणाऱ्या दोन योजना आहेत.

पहिली, अटल विमित व्यक्ती कल्याण योजना. ती १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मदत मिळत असे. करोनाकाळात, २४ मार्च २०२० पासून ती ५० टक्के करण्यात आली. मदत जास्तीत जास्त ९० दिवसांची आणि आयुष्यात एकदाच. योजना कायमस्वरूपी नाही, मुदतवाढ देत देत ती चालवली जाते. त्यामुळे अर्ज करताना ती सध्या लागू आहे ना, हे शाखा कार्यालयात विचारून घ्यावे.

दुसरी, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. ती १ एप्रिल २००५ पासून आहे आणि पहिलीपेक्षा कितीतरी मोठी आहे. कारखाना बंद झाला, कामगारकपात झाली किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीमुळे ४० टक्के वा अधिक कायमचे अपंगत्व आले, तर पहिले १२ महिने पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता मिळतो. म्हणजे एकूण दोन वर्षे. या काळात कामगाराला आणि कुटुंबाला ईएसआयचे उपचारही मिळतात. नवी नोकरी लागली किंवा निवृत्तीचे वय वा ६० वर्षे यांपैकी जे आधी येईल ते झाले, की भत्ता थांबतो.

पन्नाशीच्या कामगारासाठी पेन्शनपर्यंतचा पूल म्हणावा, अशी आपल्याकडची ही एकच योजना आहे. आणि तीच सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे.

पात्रता कशी मोजतात?

दोन्ही योजनांसाठी नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षे विमा असलेल्या नोकरीत असणे गरजेचे आहे. अटल योजनेत आणखी एक अट आहे. ईएसआयचे वर्ष दोन वर्गणीकाळांत विभागलेले असते : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. नोकरी गेली त्याच्या लगेच आधीच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. शिवाय त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन काळांपैकी एकात तरी ७८ दिवस भरलेले हवेत.

कायम कामगाराला ही अट जड नाही. कंत्राटी कामगाराला मात्र ती नडते. सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देणे, कंत्राटदार बदलला की नवा विमा क्रमांक काढणे, काही महिने वर्गणीच न भरणे असे प्रकार झाले की सलग दहा वर्षे एकाच गेटमधून आत जाणाऱ्या माणसाची कागदावरची दोन वर्षेही भरत नाहीत. म्हणून विमा क्रमांक आयुष्यभर एकच ठेवायचा. नव्या कंत्राटदाराला जुना क्रमांक द्यायचा. दर सहा महिन्यांनी आपल्या नावावर किती दिवसांची वर्गणी जमा आहे, हे ईएसआयच्या संकेतस्थळावर पाहायचे.

अटल योजनेत नोकरी गेल्यापासून ३० दिवसांनी दावा करता येतो. अर्जावर जुन्या मालकाचा शिक्का मिळवण्यासाठी हेलपाटे घालण्याची गरज २०२० पासून उरलेली नाही. कामगार स्वतः ऑनलाइन अर्ज करून शाखा कार्यालयात कागद देऊ शकतो. आधार आणि बँक खाते विमा क्रमांकाशी जोडलेले असणे आवश्यक आहे.

कोणत्या कारणाने नोकरी गेली, याने काय फरक पडतो?

सगळाच. इथेच सर्वाधिक कामगार फसतात.

स्वतःहून नोकरी सोडली, स्वेच्छानिवृत्ती घेतली, शिस्तभंगाच्या कारवाईत कामावरून काढले, बेकायदा ठरवलेल्या संपात सहभाग होता, निवृत्तीचे वय झाले, अशा कारणांसाठी अटल योजनेचा लाभ मिळत नाही. राजीव गांधी योजनेत तर कारखाना बंद होणे, कामगारकपात किंवा अपंगत्व हेच कारण लागते. म्हणजे हाती पडलेल्या शेवटच्या कागदावर ‘राजीनामा’ लिहिले आहे की ‘कपात’, यावर दोन वर्षांचा भत्ता ठरतो.

आता प्रत्यक्षात काय होते? व्यवस्थापन बोलावून घेते. ‘काढून टाकल्याचा शिक्का कशाला, राजीनामा द्या, हिशेब लगेच करतो’ असे समजुतीच्या सुरात सांगितले जाते. माणूस भांबावलेला असतो, हिशेबाचे पैसे हवे असतात, तो सही करतो. ती सही किती रुपयांची असते, हे आकड्यांत पाहू.

एका सहीची किंमत किती?

समजा, ५३ वर्षांचा एक कामगार आहे. एकूण पगार १८ हजार रुपये, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १६ हजार. सेवा १९ वर्षे. ईएसआय आणि पीएफ दोन्ही कापले जात होते.

त्याला रीतसर कपातीची नोटीस देऊन काढले, तर कायद्याप्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार नुकसानभरपाई म्हणून द्यावा लागतो. महिन्याचे ३० दिवस धरले तरी ही भरपाई सुमारे १ लाख ७१ हजार होते. राजीव गांधी योजनेतून पहिल्या वर्षी महिना सुमारे ९ हजार आणि दुसऱ्या वर्षी सुमारे साडेचार हजार मिळतील. दोन्ही वर्षे काम मिळालेच नाही, तर एकूण सुमारे १ लाख ६२ हजार.

त्याने राजीनामा लिहून दिला, तर यातले काहीच नाही. म्हणजे एका सहीने ३ लाख ३३ हजार रुपये जाऊ शकतात.

मधला एक मार्गही आहे. कपात झाल्याचे सिद्ध होत नाही, पण स्वतःहून सोडल्याचेही कागदावर नाही. कंत्राट संपले आणि पुन्हा बोलावले नाही. अशा वेळी अटल योजनेचा आधार उरतो. तिथे दोन वर्षांच्या एकूण कमाईला ७३० दिवसांनी भागतात. १८ हजारांच्या पगारावर रोजची सरासरी सुमारे ५९२ रुपये येते; त्याच्या निम्म्याने ९० दिवसांचे साधारण २६,६०० रुपये होतात. तीन महिन्यांचा किराणा आणि वीजबिल निघेल एवढे. एकाच काळासाठी या मदतीबरोबर ईएसआयचा दुसरा रोख भत्ता घेता येत नाही.

ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी बुडत नाही. पाच वर्षे सलग सेवा झाली असेल, तर शेवटच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचे आणि मग वर्षांनी गुणायचे. आपल्या उदाहरणात ती सुमारे १ लाख ७५ हजार होते. ती ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. ‘राजीनामा दिला नाहीत तर ग्रॅच्युइटी अडकेल’ असे कोणी सांगत असेल, तर ती धमकी आहे, कायदा नव्हे.

नव्या कामगार संहितांनी काही बदलले का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. कपातीच्या भरपाईचे १५ दिवसांचे प्रमाण तसेच आहे. औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे; मालकाने त्या कामगाराच्या १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम त्यात भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची. मुदतीच्या करारावरील कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. वेतनाची व्याख्या बदलल्याने मूळ वेतन मुद्दाम कमी दाखवण्याला आळा बसू शकतो.

दुसरी बाजू अशी, की कपात किंवा बंदीआधी सरकारची परवानगी घेण्याची अट पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला होती, ती आता ३०० कामगारांच्या कारखान्याला आहे. आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींतले बहुतेक कारखाने मध्यम आणि लहान आहेत. त्यांच्या दृष्टीने माणसे कमी करणे सोपे झाले. पण काढलेल्या माणसाला सांभाळणारी व्यवस्था त्या प्रमाणात वाढली नाही.

साखर कारखान्यातील कामगारांचे काय?

सातारा-सांगलीच्या बाबतीत हा सगळ्यात मोठा खड्डा आहे. ईएसआयच्या कायद्यात ‘हंगामी कारखाना’ वगळलेला आहे आणि केवळ साखर किंवा गूळ बनवणारा कारखाना हंगामी कारखान्याच्या व्याख्येत येतो. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखान्यांना वगळणे कायम आहे. म्हणजे ज्या उद्योगावर या दोन जिल्ह्यांचे अर्थकारण उभे राहिले, त्यातला कामगार मुळात ईएसआयच्या बेरोजगारी भत्त्याच्या चौकटीतच नाही.

साखर कारखान्यातल्या हंगामी कामगाराला गाळप बंद असताना ठरावीक टक्के ‘रिटेन्शन’ मिळते. पगाराच्या करारांतून ते आले आहे. पण ते दोन हंगामांच्या मधले आहे. पुढच्या हंगामात बॉयलर पेटणार असेल तर त्याला अर्थ. कारखाना आजारी पडला, भाड्याने गेला किंवा गाळपच झाले नाही, तर रिटेन्शनही नाही आणि भत्ताही नाही. वर्षाचे सहा महिने काम करणाऱ्याला बेकारीचा धोका इतरांपेक्षा जास्त, आणि विम्यातून वगळला गेला तोच. कायदा लिहिला गेला त्या काळी वर्षभर वर्गणी कशी गोळा करायची, ही अडचण असेल. आज पगार बँकेत जातो, वर्गणी ऑनलाइन भरली जाते. ही अडचण आता सांगण्यासारखी नाही.

विट्याच्या यंत्रमागांवर आणि दहापेक्षा कमी माणसांच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचीही हीच गत. आणखी एक गट यात अनपेक्षितपणे येतो, तो म्हणजे जुने कायम कामगार. २१ हजारांची पगारमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून तीच आहे. पंचवीस वर्षे नोकरी झालेल्याचा पगार करारवाढीने कधीच ही मर्यादा ओलांडून गेलेला असतो. म्हणजे ज्याला पन्नाशीनंतर नवी नोकरी मिळणे सर्वांत कठीण, तोच विम्याबाहेर.

पीएफमधून किती आणि कधी काढता येते?

पूर्वीच्या नियमाप्रमाणे नोकरी सुटून एक महिना झाला की ७५ टक्के आणि दोन महिने झाले की सगळी रक्कम काढता येत असे. पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत हे बदलायचे ठरवले : ७५ टक्के रक्कम लगेच, उरलेली २५ टक्के १२ महिन्यांच्या बेकारीनंतर. पेन्शन खात्यातली रक्कम काढण्याची प्रतीक्षाही दोन महिन्यांवरून ३६ महिन्यांवर नेण्याचा निर्णय झाला. अर्ज करताना पोर्टलवर त्या दिवशी लागू असलेला नियम पाहावा.

हा बदल अनेकांना जाचक वाटला. त्यामागे तर्क मात्र आहे. नोकरी सुटली की फंड काढायचा, त्यात घराचे छप्पर किंवा मुलीचे लग्न उरकायचे आणि साठीत रिकामे हात, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. पण हा तर्क तेव्हाच न्याय्य ठरतो, जेव्हा बेकारीच्या काळात जगायला दुसरा आधार असतो. भत्ता द्यायचा नाही आणि फंडही अडवायचा, हे चालणार नाही.

जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर भरली नाही, म्हणून दावा अडतो. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले असतील, तर ती तारीख यूएएन खात्यातून कामगार स्वतः भरू शकतो.

मुदतीआधी पेन्शन घ्यावी का?

ईपीएस-९५ मध्ये दहा वर्षे सेवा झालेल्या आणि नोकरीत नसलेल्या सदस्याला ५० वर्षांनंतर कमी दराने पेन्शन घेता येते. ५८ पेक्षा जितकी वर्षे आधी, तितक्या वर्षांमागे ४ टक्के कपात. ही कपात आयुष्यभराची. म्हणून ‘मुदतीआधी पेन्शन घेऊच नका’ असा सल्ला सर्रास दिला जातो. हिशेब मांडल्यावर तो तितका सरळ दिसत नाही.

आपल्या उदाहरणातल्या कामगाराची १९ पैकी ९ वर्षे सप्टेंबर २०१४ च्या आधीची आहेत, असे धरू. त्या वर्षांना ६,५०० ची आणि नंतरच्या दहा वर्षांना १५ हजारांची पगारमर्यादा लागते. पगार गुणिले वर्षे भागिले ७० या सूत्राने ५८व्या वर्षी सुमारे २,९८० रुपये पेन्शन बसते. ५३व्या वर्षीच घेतली, तर ती सुमारे २,४०० होते. दरमहा जवळपास ५८० रुपयांचा तोटा. पण पाच वर्षांत त्याला सुमारे १ लाख ४४ हजार आधीच मिळालेले असतात. थांबलेल्या माणसाला दरमहाच्या ५८० रुपयांतून ही रक्कम भरून काढायला वीस वर्षांहून अधिक काळ लागेल, म्हणजे वयाची ७८ वर्षे उलटून जातील. शिवाय ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही.

म्हणून निर्णय वेगळ्या प्रश्नावर घ्यावा. पुन्हा पीएफ कापणारी नोकरी मिळण्याची शक्यता आहे का? असेल, तर थांबणे शहाणपणाचे. कारण एकदा मुदतपूर्व पेन्शन सुरू झाली की पुढच्या नोकरीतली वर्षे तिच्यात मिळवता येत नाहीत. २० वर्षे सेवा पूर्ण व्हायला थोडेच कमी पडत असेल, तरीही थांबावे. २० वर्षांवर दोन वर्षांची वाढीव सेवा धरली जाते. यातले काहीच नसेल आणि घरात सावकाराचे कर्ज येऊ लागले असेल, तर २,४०० रुपयांची पेन्शन घेण्यात चूक नाही. थांबल्यावर मध्येच मृत्यू आला, तरी दहा वर्षे सेवा झालेल्याच्या पत्नीची पेन्शन बुडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सेवा दहा वर्षांपेक्षा कमी असेल, तर पेन्शनचे पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेता येते. पुढच्या नोकरीतली वर्षे त्यात मिळून दहा भरली, की पेन्शनचा हक्क तयार होतो.

राज्य सरकारच्या योजना कामी येतात का?

धडधाकट, पन्नाशीच्या पुरुषाला जवळजवळ नाहीत. संजय गांधी निराधार अनुदान योजना ६५ वर्षांखालील निराधारांसाठी आहे. पण ती दिव्यांग, गंभीर आजारी, निराधार विधवा, परित्यक्ता अशा ठरावीक गटांसाठी आहे आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला फक्त २१ हजार रुपये आहे. तिच्यात महिना दीड हजार मिळतात. दिव्यांगांसाठी ही रक्कम अडीच हजार करण्यात आली. श्रावणबाळ योजना ६५ नंतरची. या दोन्हींचे अर्ज तहसील कार्यालयात होतात. ‘लाडकी बहीण’चे दीड हजार पत्नीच्या खात्यात येत असतील, तर अनेक घरांत बेकारीच्या महिन्यांतले तेच एकमेव नियमित उत्पन्न असते. पण तो काही नोकरी गेल्याचा विमा नव्हे.

वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. या मर्यादेत खरोखर बसणारे कुटुंब शोधून सापडणे कठीण. मर्यादा इतकी खाली ठेवली की गरजू माणूस एक तर बाहेर राहतो किंवा खोटा दाखला आणतो.

रोजगार हमी इथेच जन्मली, मग पुढे काय झाले?

बेकाराला काम मिळणे हा हक्क आहे, ही कल्पना देशाला सांगली जिल्ह्याने दिली. वि. स. पागे यांच्या विचारातून तासगाव तालुक्यात साठच्या दशकात पहिला प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीने लाखो हातांना काम दिले, १९७७ मध्ये राज्याने कायदा केला आणि २००५ मध्ये केंद्राने ती कल्पना देशभर नेली. मागणी करूनही १५ दिवसांत काम मिळाले नाही, तर बेरोजगार भत्ता, हे तत्त्वही त्यात आले.

या योजनेच्या खर्चासाठीच महाराष्ट्रात १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. आजही पगारपत्रकावर दरमहा तो कापला जातो, वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार. म्हणजे कारखान्यातला कामगार पंचवीस-तीस वर्षे दुसऱ्याच्या बेकारीसाठी कर भरतो. त्यात वाईट काही नाही. ते चांगलेच आहे. पण त्याची स्वतःची नोकरी गेली, की त्याच्यासाठी त्या व्यवस्थेत खोदकामापलीकडे काही नसते. पंचवीस वर्षे लेथवर काम केलेल्या माणसाला ५३व्या वर्षी बांधबंदिस्तीच्या कामावर जा म्हणणे, हा त्याचा आणि त्याच्या कौशल्याचाही अपव्यय आहे.

बाहेर काय करतात?

जर्मनीत बेकारी विम्याचा भत्ता साधारणतः वर्षभर मिळतो, पण ५८ वर्षांवरील आणि पुरेशी वर्गणी भरलेल्या कामगाराला तो २४ महिन्यांपर्यंत मिळू शकतो. नेदरलँडमध्ये साठीच्या आसपास नोकरी गेलेल्यांसाठी, नेहमीचा भत्ता संपल्यानंतर सरकारी पेन्शनच्या वयापर्यंत वेगळा भत्ता आहे. दोन्ही देश श्रीमंत आहेत, त्यांची बरोबरी आपण आज करू शकत नाही. पण तत्त्व घेता येते : वय जितके जास्त, तितका नवी नोकरी मिळायला लागणारा वेळ जास्त, म्हणून भत्त्याची मुदतही जास्त. आपल्या अटल योजनेत २५ वर्षांच्या मुलाला ९० दिवस आणि ५५ वर्षांच्या माणसालाही ९० दिवसच.

नोकरी जाण्याची चिन्हे दिसली, तर काय करावे?

राजीनाम्यावर घाईने सही करू नये. कपात असेल, तर तसे लेखी मागावे. पगारपत्रके, हजेरी, नेमणूकपत्र, ईएसआय आणि पीएफचे उतारे मोबाइलमध्ये साठवून ठेवावेत; गेट बंद झाल्यावर ते मिळत नाहीत. यूएएनशी आधार, बँक आणि चालू मोबाइल क्रमांक जोडलेला आहे का, नावात आणि जन्मतारखेत फरक नाही ना, हे नोकरीत असतानाच पाहावे.

दबावाखाली सही घेतली गेली असेल, तर सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लवकरात लवकर लेखी तक्रार द्यावी. महिने गेले की बाजू लंगडी पडते. पीएफच्या अडचणींसाठी दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ शिबिर होते, तिथे कागद घेऊन जावे. ईएसआयचे कार्ड नोकरी सुटल्या दिवशी निरुपयोगी होत नाही : एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचार मिळतात. पाच वर्षे विमा असलेला कामगार निवृत्त झाला किंवा त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नीला ईएसआयचे उपचार पुढेही घेता येतात. या वयात दवाखान्याचा खर्च पाहता, हे १२० रुपये विसरू नयेत.

सरकारने काय करायला हवे?

नवी योजना काढण्याची गरज नाही. आहेत त्यांच्यातली भोके बुजवली तरी पुष्कळ होईल. पहिले, राजीव गांधी योजनेचा दोन वर्षांचा भत्ता ५० वर्षांवरील कामगाराला कंत्राट संपल्यावरही मिळावा. कपात आणि कंत्राट न वाढवणे यांत मालकाच्या दृष्टीने फरक असेल, चुलीच्या दृष्टीने नाही. दुसरे, साखर कारखान्यांना विम्यातून वगळणारी तरतूद काढावी. सातारा-सांगलीच्या खासदारांनी, त्यांच्यातले अनेक जण कारखानदारीतूनच पुढे आलेले आहेत, हा विषय संसदेत न्यावा. तिसरे, २१ हजारांची मर्यादा दर काही वर्षांनी आपोआप वाढावी. चौथे, सप्टेंबर २०१४ पासून एक हजारावर थांबलेली किमान पेन्शन वाढवावी. निवृत्तांची साडेसात हजारांची मागणी पूर्णपणे परवडेल की नाही यावर वाद होऊ शकतो, पण एक हजार पुरतात असे म्हणायला कोणीही धजणार नाही. पाचवे, राजीनाम्याची पडताळणी. पन्नाशीनंतरच्या कामगाराचा राजीनामा कामगार खात्याकडे नोंदवून, त्याला हक्कांची माहिती दिल्यावरच तो ग्राह्य धरावा. याला पैसाही लागत नाही.

ईएसआयच्या तिजोरीतला पैसा कामगारांच्या घामाचा आहे. तो मागायला जाणारा माणूस दान मागत नाही, पंचवीस वर्षे भरलेल्या विम्याचा दावा करतो. ही जाणीव जशी कार्यालयातल्या खिडकीमागच्या माणसाला हवी, तशीच ती खिडकीसमोर उभ्या असलेल्यालाही हवी. पन्नाशीचा कामगार अजून दहा वर्षे काम करू शकतो आणि करू इच्छितो. काम मिळेपर्यंत त्याला तग धरता आला, तर तो पुढेही वर्गणी भरेल, कर भरेल. तग धरता आला नाही, तर फंड मोडेल, शेत विकेल, कर्ज काढेल आणि अखेर ६५व्या वर्षी तहसीलच्या रांगेत उभा राहील. तो भार शेवटी सरकारवरच येणार आहे.